चेहरा एकाचा, दुकान दुसऱ्याचं

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात आमच्या नांदेडच्या घरी एक पार्सल आलं. दुपारची वेळ होती. सकाळचे तीन तास शाळेत शिकवून मी नुकतीच घरी आले होते, भाकरीचं पीठ मळायला घेतलं होतं. दारात पार्सलवाला मुलगा उभा. "काकू, अठराशे नव्व्याण्णव रुपये." मी म्हटलं, "कशाचे रे?" तेवढ्यात सासूबाई आतल्या खोलीतून गुडघ्यावर हात टेकत टेकत आल्या. पदराच्या गाठीतल्या नोटा काढून त्यांनी मुलाच्या हातावर मोजून ठेवल्या. गावाकडच्या तुरीचे आलेले पैसे होते ते. "माझंच हाय ते. गुडघ्याचं तेल," एवढंच म्हणाल्या.

खोकं उघडलं तर आत एक लहानशी बाटली. वास करंजाच्या तेलात कापूर विरघळवल्यासारखा. लेबलावर बनवणाऱ्याचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, शेवटची तारीख नाही. मी विचारलं, "आत्या, हे कुणी सांगितलं तुम्हाला?" त्यांनी फोन पुढे केला. त्यावर सिनेसृष्टीतला एक मोठा नट, अख्खा महाराष्ट्र ज्याला ओळखतो असा, चक्क मराठीत सांगत होता की माझ्या आईचे गुडघे या तेलानं पंधरा दिवसांत बरे झाले. सासूबाई म्हणाल्या, "आईचं नाव घेऊन सांगायलाय बग त्यो. आईच्या नावानं कुणी खोटं बोलंल का?"

रात्री जेवताना ही गोष्ट निघाली तेव्हा आमचे हे आणि मुलगा मोठ्यानं हसले. मीही हसले, खोटं कशाला सांगू. सासूबाई अर्ध्या भाकरीवरून उठल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फोनला हात लावणं सोडलं. लातूरच्या लेकीशी रोज बोलायच्या, तेही बंद. तेव्हा माझ्या लक्षात आलं की अठराशे रुपयांपेक्षा आमचं हसणं त्यांना जास्त लागलं होतं.

मग मी तो व्हिडिओ शांतपणे दोनतीनदा पाहिला. ओठ आणि शब्द जरा मागेपुढे होत होते. 'गुडघे' म्हणताना तोंड भलत्याच आकाराचं होत होतं. पण आवाज हुबेहूब! त्या नटाचं नाव मी इथे घेत नाही, कारण त्या बिचाऱ्याला या तेलाचा पत्ताही नसेल. त्याचा चेहरा आणि आवाज कुणीतरी परस्पर उचलला होता आणि बाटलीवर चिकटवला होता. म्हणजे फसवणूक दोघांची झाली. एक आमच्या सासूबाईंची, दुसरी त्या नटाची.

या दुसऱ्या फसवणुकीबद्दल आज तुमच्याशी बोलायचं आहे. मोठ्या माणसांच्या नावाचा, चेहऱ्याचा, आवाजाचा धंद्यासाठी वापर करायला त्यांची परवानगी लागते का? आणि लागत असेल, तर आपल्यासारख्या चारचौघींचा त्याच्याशी काय संबंध? मला आधी वाटलं होतं, काहीच नाही. थोडं वाचलं, चारजणींना विचारलं, तेव्हा कळलं की संबंध आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोचतो.

खरं तर या गोष्टीतला एक गाजलेला खटला स्वयंपाकघरातल्या जिनसेवरूनच झाला. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात अॅबिगेल रॉबर्सन नावाची एक तरुण मुलगी होती. नटी नव्हे, गायिका नव्हे, साध्या घरातली मुलगी. एका पिठाच्या गिरणीनं तिला न विचारता तिचा फोटो आपल्या जाहिरातीत छापला आणि अशी सुमारे २५,००० चित्रं दुकानांतून, दारूच्या गुत्त्यांतूनही लावली. ओळखीचे लोक थट्टा करू लागले. मुलीनं अंथरूण धरलं, डॉक्टर बोलवावा लागला. ती कोर्टात गेली आणि १९०२ साली हरली! चार न्यायाधीश विरुद्ध तीन, असा निकाल लागला. असा कुठला हक्क कायद्यात नाही, असं बहुमताचं म्हणणं पडलं. पण लोकांना हे पटलं नाही. एवढा गहजब झाला की पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, न्यूयॉर्कनं कायदा केला: माणसाच्या लेखी परवानगीशिवाय त्याचं नाव किंवा चित्र जाहिरातीसाठी वापरायचं नाही. पुढे १९५३ साली तिथल्याच एका कोर्टानं च्युइंगगमसोबत मिळणाऱ्या बेसबॉल खेळाडूंच्या चित्रांच्या खटल्यात सांगितलं की खेळाडूच्या छबीला बाजारात किंमत असते, आणि ती किंमत त्या खेळाडूची असते. आपल्या लहानपणी गोळ्यांच्या पुड्यांतून क्रिकेटपटूंची चित्रं निघायची, ती आठवा. तसलाच प्रकार.

म्हणजे पाहा, पिठाच्या जाहिरातीवरून हा हक्क मागणारी एक साधी मुलगी होती.

आपल्याकडे यासाठी वेगळा असा एक कायदा नाही. राज्यघटनेतल्या एकविसाव्या कलमातला जगण्याचा आणि खासगीपणाचा हक्क, ट्रेडमार्कचा कायदा, कॉपीराइटच्या कायद्यातले कलावंतांचे हक्क, अशा वेगवेगळ्या डब्यांतलं थोडं थोडं घेऊन न्यायालयांनी हा हक्क घडवला आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९९४ मध्ये 'ऑटो शंकर' नावानं गाजलेल्या खटल्यात म्हटलं होतं की माणसाच्या संमतीवाचून त्याचं नाव किंवा छबी जाहिरातीला वापरणं हा त्याच्या खासगीपणावरचा घाला आहे. 'माणसाच्या' म्हटलं आहे हं, 'प्रसिद्ध माणसाच्या' नव्हे. आणि २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमतानं सांगितलं.

आता आपल्या ओळखीची उदाहरणं घेऊ. रजनीकांत यांचं खरं नाव शिवाजीराव गायकवाड. बंगळूरला वाढलेला मराठी घरचा मुलगा. 'मैं हूँ रजनीकांत' असं नाव देऊन कुणीतरी हिंदी सिनेमा काढला, तेव्हा ते मद्रास उच्च न्यायालयात गेले. २०१५ साली न्यायालयानं त्यांच्या बाजूनं कौल दिला. नाव ऐकताच किंवा लकब पाहताच लोकांना तो माणूस ओळखू येत असेल, तर कुणाची दिशाभूल झाली हे वेगळं सिद्ध करायची गरज नाही, असं त्यात म्हटलं आहे. सिनेमाला नाव बदलावं लागलं.

त्याआधीचा २०१२ चा एक दावा तर आपल्या गावाकडच्या बाजारपेठेत शोभणारा आहे. अमिताभ आणि जया बच्चन यांनी तनिष्कच्या दागिन्यांची जाहिरात केली होती. उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगरच्या एका सराफानं तशीच्या तशी जाहिरात, तेच दोघांचे चेहरे घेऊन, आपल्या दुकानाच्या होर्डिंगवर चढवली. दिल्ली उच्च न्यायालयानं त्याला मनाई केली. अशी होर्डिंगं तुम्ही कधी पाहिली नाहीत, असं म्हणू नका. नांदेडच्या वजिराबादपासून लातूरच्या गंजगोलाईपर्यंत नजर टाका. किती पाट्यांवर किती नट्या हसताहेत! त्यांतल्या कितीजणींना आपण तिथे लटकतो आहोत हे ठाऊक असेल?

अमिताभ बच्चन यांचाच २०२२ च्या नोव्हेंबरमधला दावा आपल्या अधिक जवळचा आहे. 'तुम्हाला कौन बनेगा करोडपतीची पंचवीस लाखांची लॉटरी लागली आहे' असे निरोप तुमच्या फोनवर आले असतीलच. त्यात त्यांचा फोटो असायचा, आवाजही तसाच. लोक फोटोवर विसंबून 'आधी कर भरा, मग बक्षीस घ्या' या बोलण्याला फसायचे. दिल्ली उच्च न्यायालयानं हे निरोप पाठवणाऱ्यांना आणि त्यांचं नाव, चित्र, आवाज विकणाऱ्यांना मनाई केली. यात एक गंमत आहे. असले भामटे कोण, हेच माहीत नसतं, मग दावा कुणावर लावायचा? तर अनोळखी प्रतिवादीला 'जॉन डो' किंवा आपल्याकडे 'अशोक कुमार' असं नाव देऊन आदेश काढायची पद्धत आहे. आपल्या दादामुनींचा त्यात काही दोष नाही बरं!

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये अनिल कपूर यांनी आपलं नाव, आवाज, छबी आणि 'झकास' म्हणण्याची आपली लकब यांसाठी दिल्ली उच्च न्यायालयाकडून असंच संरक्षण मिळवलं. २०२४ च्या मे महिन्यात जॅकी श्रॉफ यांनी दाद मागितली, त्यांच्या यादीत 'भिडू' हा शब्द होता. हे वाचून मी जरा चमकले. झकास आणि भिडू हे तर आपले शब्द. भिडू म्हणजे खेळातला जोडीदार. लहानपणी लगोरीत आपण भिडू वाटून घ्यायचो. मग आता मुलांनी भिडू म्हणायचं की नाही? तर म्हणायचं, खुशाल म्हणायचं. घरात, अंगणात, शाळेत कुणी अडवत नाही. प्रश्न येतो तो तो शब्द त्या नटाच्या छबीसह, त्याच्या ढंगात, माल खपवायला वापरला तर. त्याच प्रकरणात एकानं जॅकी श्रॉफ यांच्या मुलाखतींचे तुकडे जोडून केलेला गमतीचा व्हिडिओ न्यायालयानं तेव्हा लगेच थांबवला नव्हता. कौतुक, थट्टा, नक्कल यांची वाट बंद करून चालणार नाही, असा विचार त्यामागे होता.

आणि आता आवाजाची गोष्ट, म्हणजे आमच्या तेलाच्या बाटलीच्या अगदी जवळची. गायक अरिजित सिंग यांनी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाकडे दाद मागितली. त्यांच्या आवाजाचा साचा तयार करून कुणालाही त्यांच्या आवाजात गाता येईल, अशी यंत्रं बाजारात आली होती. न्यायालयानं ती वापरायला मनाई केली. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये आशाताई भोसले यांच्या दाव्यात त्याच न्यायालयानं सांगितलं की प्रसिद्ध कलावंताच्या आवाजाची परवानगीवाचून नक्कल करून देणारं साधन पुरवणं, हासुद्धा त्या कलावंताच्या हक्काचा भंग आहे. त्यांच्या छबीचे कपडे विकणाऱ्यांवरही बंदी आली. विचार करा, सांगलीजवळच्या गोवारला १९३३ साली जन्मलेल्या मुलीनं वयाच्या दहाव्या वर्षापासून गाऊन गाऊन कमावलेला आवाज. पहाटेचे रियाज, तासन् तासांची ध्वनिमुद्रणं, घरातले चढउतार सोसून राखलेला. तो कुणीतरी दोन मिनिटांत यंत्रात ओतून घ्यावा आणि विकावा? आपण वर्षभर मिरच्या वाळवून, निवडून, डंकावर कुटून मसाला करावा आणि शेजारणीनं डबाच उचलून स्वतःच्या नावानं विकावा, त्यातलाच हा प्रकार.

सचिन तेंडुलकर यांचाही असाच बनावट व्हिडिओ जानेवारी २०२४ मध्ये फिरत होता. एका मोबाइल खेळाची जाहिरात ते करताहेत आणि त्यात आपली मुलगीही पैसे मिळवते असं सांगताहेत, असं त्यात दाखवलं होतं. हे खोटं आहे, असं त्यांना स्वतः जाहीर करावं लागलं. सासूबाईंना मी हे वाचून दाखवलं. "म्हंजी सचिनचंबी केलं का असं?" त्यांनी विचारलं. त्या दिवसापासून त्यांच्या मनावरचं ओझं थोडं हललं असावं. आपण एकट्याच वेड्या ठरलो नाही, हे कळलं की माणसाला धीर येतो.

एक मात्र सांगायला हवं. मोठ्या माणसाचं नाव घेतलं की गुन्हा, असा याचा अर्थ नाही. बातमी देणं, लेख लिहिणं, टीका, विडंबन, व्यंगचित्र, शाळेच्या स्नेहसंमेलनात नक्कल करणं, हे सगळं चालतं. खेळाडूंची नावं आणि त्यांच्या धावांचे आकडे वापरणाऱ्या एका ऑनलाइन खेळाच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये म्हटलं होतं की जी माहिती सगळ्यांसमोर उघडी आहे, तिच्यावर एकट्याची मालकी सांगता येणार नाही. आणि सुशांत सिंग राजपूत यांच्या वडिलांच्या दाव्यात त्याच वर्षी सांगितलं की हा हक्क माणसासोबत संपतो, वारसांकडे जात नाही.

मग दिवंगत थोर पुरुषांचं काय? त्यांच्यासाठी १९५० चा बोधचिन्हं आणि नावं यांच्या गैरवापराचा कायदा आहे. त्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू, इंदिरा गांधी यांची नावं आणि चित्रं आहेत. सरकारच्या परवानगीशिवाय धंद्यासाठी ती वापरायची नाहीत. यात एक सवलत कॅलेंडरला आहे, पण त्यावर फक्त बनवणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव असावं, मालाची जाहिरात नको. दिवाळीनंतर किराणा दुकानातून येणाऱ्या कॅलेंडरकडे आता जरा निरखून पाहा.

हे झालं मोठ्यांचं. आता माझ्या बहिणीच्या घरची गोष्ट सांगते.

माझं माहेर लातूरचं. धाकटी बहीण तिथेच दिलेली. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, गेल्या वर्षी डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेत चांगल्या गुणांनी पास झाली. लातूर आणि नांदेड म्हणजे शिकवण्यांचीच गावं. 'लातूर पॅटर्न'नं आमच्या भागाला नाव दिलं, कष्टाची सवय दिली, हे मी शिक्षिका म्हणून अभिमानानं सांगते. पण निकालाच्या दिवसांत चौकाचौकांत लागणारे फ्लेक्स पाहिले की छातीत धस्स होतं. निकालानंतर चौथ्या दिवशी बहिणीचा फोन. "ताई, पोरीचा फोटो दोन फ्लेक्सांवर लागलाय. एक तिच्या क्लासचा, तो ठीक आहे. पण दुसऱ्या क्लासची तर तिनं पायरीसुद्धा चढली नव्हती. फक्त एकदा सराव परीक्षेला बसली होती!" फोटो कुठून आला? तर सत्काराच्या दिवशी कुणीतरी नातेवाइकांच्या गटात टाकला होता, तिथून.

भावजींचं म्हणणं, "असू द्या हो, फुकटात पोरीचं नाव झालं की." भाचीही दोन दिवस खूश होती, वय लहान. पण तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकू पेढे घेऊन आल्या. म्हणाल्या, "तुझा फोटो बघूनच आमच्या बाळ्याला त्या क्लासात घातलं गं. फी भरून टाकली. हातातल्या दोन बांगड्या मोडल्या बघ." हे ऐकलं आणि भाचीचा चेहरा उतरला. काकूंच्या बांगड्या तिच्या चेहऱ्यावर विसंबून मोडल्या गेल्या होत्या, आणि तो चेहरा खोटं बोलत होता. तिला न विचारता! ती रात्रभर झोपली नाही. मला म्हणाली, "मावशी, मी काहीच केलं नाही, तरी मीच फसवल्यासारखं वाटतंय."

आमच्या सासूबाईंच्या व्हिडिओतल्या नटाला काय वाटत असेल, ते मला त्या क्षणी कळलं.

मग आम्ही थोडी शोधाशोध केली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं १३ नोव्हेंबर २०२४ रोजी शिकवणी वर्गांच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. विद्यार्थ्याचं नाव, फोटो किंवा अभिप्राय त्याच्या लेखी संमतीवाचून जाहिरातीत वापरायचा नाही. आणि यातली खरी मेख अशी की ही संमती निकाल लागल्यावर घ्यायची. प्रवेशाच्या वेळी फॉर्मवर 'फोटो वापरण्यास हरकत नाही' अशी ओळ छापून सही घेतली, तर ते चालणार नाही. शिवाय त्या मुलानं कोणता अभ्यासक्रम घेतला, किती काळाचा घेतला, फी भरली होती का, हेही फोटोजवळच ठळक छापायला हवं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायद्याखाली पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

बहिणीनं एका पानाचा साधा अर्ज लिहिला. भांडण नाही, आरडाओरडा नाही. 'माझ्या मुलीचा फोटो आमच्या संमतीवाचून वापरला आहे, ती आपली विद्यार्थिनी नव्हती, तीन दिवसांत काढावा, नाहीतर ग्राहक प्राधिकरणाकडे तक्रार करू.' सोबत तारखेसह फ्लेक्सचा फोटो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. दुसऱ्या दिवशी फ्लेक्सवर भाचीच्या जागी पांढरा कागद चिकटवलेला होता. काकूंची फी मात्र परत मिळाली नाही. भाची त्यांच्या घरी गेली आणि खरं ते सांगून आली. काकू थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "तू सांगितलंस हे बरं केलंस बाई." आता रविवारी ती बाळ्याला जीवशास्त्र शिकवते.

हे सगळं सांगताना मी फार शहाणी असल्याचा आव आणते आहे असं वाटलं, म्हणून माझीही एक चूक कबूल करते. आमच्या गल्लीतल्या बचत गटानं मागच्या दिवाळीत काळा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी विकायला काढली. लेबल करायचं काम माझ्याकडे होतं, मी शिकलेली म्हणून! मी काय केलं? इंटरनेटवरून मराठी मालिकेतल्या एका लाडक्या नायिकेचा नऊवारीतला, नथ घातलेला फोटो उतरवून घेतला आणि दिला छापून. सगळ्याजणी खूश. माल हातोहात खपला. हे सगळं वाचल्यावर ती उरलेली लेबलं डोळ्यांपुढे आली. तेलवाल्यानं जे केलं तेच मीही केलं होतं. फरक एवढाच की आमचा मसाला चांगला होता. पण त्या नायिकेला कुठे ठाऊक, आमचा मसाला चांगला की भेसळीचा? उद्या कुणाचं पोट बिघडलं तर लोक पाकिटावर तिचाच चेहरा पाहणार. उरलेली दोनशे लेबलं आम्ही टाकून दिली. आता पाकिटावर आमच्या गटातल्या सगळ्यात ज्येष्ठ आजींचा फोटो आहे, खलबत्त्यासमोर बसलेल्या. त्यांना विचारून, सही घेऊन. त्यांना एवढा आनंद झाला की फोटोसाठी त्यांनी ठेवणीतलं इरकल नेसलं.

तुमच्यापैकी कितीतरी जणींचं ब्यूटी पार्लर असेल, मेंदीचे किंवा शिवणाचे वर्ग असतील, घरगुती लाडू-चिवड्याचा धंदा असेल. म्हणून शेवटी थोड्या कामाच्या गोष्टी देते. कात्रण काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.

१. पाटीवर, लेबलावर किंवा फोनवरच्या जाहिरातीत नटनट्यांचे, खेळाडूंचे फोटो घालू नका. एखाद्या कंपनीनं तिच्या मालाची जाहिरात म्हणून दिलेला पोस्टर त्या मालाजवळ लावणं वेगळं, आणि त्यातला चेहरा कापून आपल्या पाटीवर बसवणं वेगळं. गिऱ्हाइकाचा किंवा मैत्रिणीचा फोटो वापरायचा तर दोन ओळींची लेखी संमती घ्या. कशासाठी आणि किती दिवस, हेही त्यात लिहा.

२. कुणी प्रसिद्ध माणूस औषध, तेल, पैसे दुप्पट करणारी योजना किंवा खेळ यांची शिफारस करताना दिसला, तर आधी ओठ आणि शब्द जुळतात का ते पाहा. जुळत असले तरी लगेच विश्वास ठेवू नका, कारण आता नकला फार सफाईदार होतात. बनवणाऱ्याचा पत्ता आणि औषध असेल तर परवाना क्रमांक पाहा. घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारल्याशिवाय मागवू नका. ऐनवेळी शंका आली, तर पैसे द्यायच्या आधीच पार्सल परत करता येतं.

३. फोनवरून पैसे गेले, तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर सांगा. जितकं लवकर सांगाल, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. वस्तू किंवा जाहिरात फसवी निघाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

४. मुलामुलींचा फोटो क्लासच्या फ्लेक्सवर विनापरवानगी दिसला, तर आधी तारखेसह फोटो काढून ठेवा, मग लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. प्रवेशाच्या फॉर्मवर सही करताना बारीक अक्षरं वाचा.

५. आपला किंवा लेकीचा फोटो बदलून, बिघडवून कुणी पसरवला, तर तो ज्या अॅपवर आहे तिथल्या तक्रार अधिकाऱ्याला लगेच कळवा आणि पोलिसांच्या सायबर विभागाकडे जा. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर स्त्रिया आणि मुलं यांच्याविषयीच्या अशा तक्रारी नाव न देताही करता येतात. अशा वेळी मुलीला बोल लावू नका. फोटो तिचा असला तरी गुन्हा तिचा नाही.

नटनट्यांना मोठे वकील मिळतात, उच्च न्यायालयाची पायरी परवडते. आपल्याला ती परवडेलच असं नाही. पण एक कागद, एक पेन आणि पोच घेण्याचा धीर, एवढ्यावरसुद्धा बरंच काम होतं हे माझ्या बहिणीनं दाखवलं.

सासूबाईंचं सांगायचं राहिलंच. तक्रार केली आहे, पैसे अजून मिळालेले नाहीत. पण परवा मी शाळेतून आले तेव्हा त्या पुन्हा फोन घेऊन बसल्या होत्या, लेकीशी बोलत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "अगं, आज येक बाई साखरेच्या आजाराचं औषध सांगायलीय. तिचे व्हट बग, बोलणं येकीकडं आन् तोंड येकीकडं!" आणि स्वतःच हसल्या. मीही हसले, या वेळी त्यांच्यासोबत.